आर-क्यू-झेडचं कोडं

संगणकाला जोडून कार्ट्रिज वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या फ्लॅशर या उपकरणाच्या खाचेत गेम बॉय या हातात धरायच्या गेम-यंत्राचं एक कार्ट्रिज बसवलेलं आहे. वाचायला सांगितलं, की आतला गेम शेवटच्या बाइटपर्यंत अचूक येतो. पुसून नवा लिहायला सांगितलं, की चिप ढिम्म हलत नाही. केबल बदला, पिना पुसा, विंडोजऐवजी लिनक्सचा संगणक लावा, निकाल तोच. जे कार्ट्रिज वाचता येतं, ते लिहून का घेत नाही?

१९८९ साली गेम बॉय बाजारात आला, तेव्हाच्या कार्ट्रिजांत मास्क रॉम असे. गेम कारखान्यातच कायमचा कोरला जाई. पुढे पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप लावलेली कार्ट्रिजं निघाली. अशा चिपेवरचा मजकूर चुकून उडू नये म्हणून तिला कुलूप असतं. एका ठरावीक पत्त्यावर ‘एए’ आणि दुसऱ्यावर ‘५५’ हे षोडशमान आकडे याच क्रमाने पोचले, तरच ती पुसण्या-लिहिण्याचा हुकूम मानते. या कार्ट्रिजचं कुलूप काही उघडत नाही.

एक वाट मात्र मोकळी आहे. बऱ्याच फ्लॅश चिपांना ‘९८’ हा हुकूम दिला, की त्या स्वतःची माहिती सांगतात, आणि त्यासाठी कुलूप उघडावं लागत नाही. उत्तराची सुरुवात ठरलेली असते: क्यू, आर, वाय. हुकूम जातो, चिप पहिल्यांदाच उत्तर देते, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: आर, क्यू, झेड.

म्हणजे चिप शाबूत आहे, फक्त अक्षरं चुकली आहेत. ती बिटांत मांडली की गुन्हेगार सापडतो. क्यू म्हणजे ०१०१०००१, आर म्हणजे ०१०१००१०. वाय म्हणजे ०१०११००१, झेड म्हणजे ०१०११०१०. प्रत्येक जोडीत पहिले सहा बिट तेच, शेवटच्या दोघांनी तेवढी जागा बदललेली. सर्किट बोर्डावर डेटाच्या आठ तारांपैकी डी-० आणि डी-१ या दोन तारा उलटसुलट जोडल्या आहेत!

मग गेम अचूक कसा वाचला जात होता? लिहिताना प्रत्येक बाइट उलटून चिपेत गेला आणि वाचताना त्याच तारांवरून परत उलटून सरळ झाला. गेम बॉयला काही कळायचं कारणच नव्हतं. हुकूम मात्र चिप स्वतः समजून घेते, तिथे दुसरी उलटापालट होत नाही. एए पाठवला तर तिला ए९ दिसतो, ५५ पाठवला तर ५६. आणि ९८ कसा पोचला? त्याचे शेवटचे दोन्ही बिट शून्य आहेत. शून्याच्या जागी शून्यच आलं.

आता उपाय सोपा आहे. मुद्दाम ए९ आणि ५६ पाठवायचे. वाटेत ते उलटतात, चिपेला एए आणि ५५ मिळतात, कुलूप उघडतं.

जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यूसारख्या फ्लॅशरसाठी लिहिलेल्या ‘फ्लॅशजीबीएक्स’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे ज्ञान नोंदलेलं आहे. चिपेकडून क्यू-आर-वाय आलं तर तारा सरळ, आर-क्यू-झेड आलं तर अदलाबदल झालेली. वापरणाऱ्याने बोर्ड उघडून तारा शोधत बसायची गरज राहत नाही.

हे सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालतं. फ्लॅशर यूएसबीतून सीरियल पोर्ट म्हणून दिसतो. विंडोजवर त्याला कॉम पोर्ट म्हणतात, लिनक्सवर नाव वेगळं आणि वापरायची परवानगीही घ्यावी लागते, मॅकवर आणखी तिसरं नाव. हा फरक दाराशीच मिटवला, की आत कार्ट्रिजचं ज्ञान तिघांसाठी एकच उरतं. त्यामुळे तारांचा हा उलगडा एकदा लिहिला, की तिन्हीकडच्या माणसांच्या हाती पडतो. हेच सॉफ्टवेअर एकाच प्रणालीपुरतं, बंद पेटीत असतं, तर बाकीच्यांना हे कोडं पुन्हा पहिल्यापासून सोडवावं लागलं असतं.

आणि वेळ थोडा आहे. जुन्या कितीतरी कार्ट्रिजांत खेळाडूची प्रगती एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकून असते. ती संपली की वर्षानुवर्षांचा खेळ पुसला जातो. फ्लॅशरने तो वेळीच वाचवायला निघालेल्या माणसाला ‘आधी दुसरा संगणक आणा’ असं सांगावं लागू नये. म्हणून असं साधन सगळ्या प्रणालींवर चालणं ही त्याची पहिली अट असायला हवी.