विद्यावेतन संपते, प्रबंध उरतो

जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने संशोधक विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनात वाढ केली. कनिष्ठ अधिछात्राला दरमहा ३१ हजार रुपये मिळत, ते ३७ हजार झाले. वरिष्ठाचे ३५ हजारांचे ४२ हजार झाले. या वाढीचे स्वागत झाले ते योग्यच होय. मात्र रकमेच्या चर्चेत मुदतीचा प्रश्न झाकला गेला, आणि जैववैद्यकीय शास्त्रांत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे खरा पेच असतो तो मुदतीचाच.

हिशेब साधा आहे. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची, वरिष्ठ तीन वर्षांची, एकूण पाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत मात्र सहा वर्षे असून, फेरनोंदणीने ती आणखी दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. म्हणजे काम चालू आणि वेतन बंद, असा काळ नियमांनीच गृहीत धरलेला आहे. इतिहासाचा वा अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा वेळी टिपणे घेऊन घरी बसू शकेल. पेशींची संवर्धने घरी नेता येत नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगास नैतिकता समितीची अनुमती लागते, रुग्णांचे नमुने घ्यावयाचे तर आणखी एका समितीची. परदेशातून मागविलेले रसायन वेळेवर येत नाही. आणि संवर्धनात एकदा जंतुसंसर्ग झाला की कित्येक आठवड्यांचे काम अक्षरशः ओतून द्यावे लागते. या विलंबात विद्यार्थ्याचा दोष तो कोणता? तरीही त्याची किंमत भरतो तोच. किंबहुना त्याचे घर. पाच वर्षे सार्वजनिक पैसा घालावयाचा आणि सहाव्या वर्षी हात आखडता घ्यावयाचा, हा बाग फळावर आल्यावर पाणी तोडण्याचा प्रकार आहे. त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

प्रबंधानंतरची वाट नाही असे नव्हे. सहयोगी संशोधकाला दरमहा किमान ५८ हजार रुपये मिळतात. परदेशी गेलेल्यांनी परतावे म्हणून जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती आहे. याच विभागाने ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसह २००८ पासून चालविलेल्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याचा खर्च १,५०० कोटी रुपये आहे. परंतु ही शिडी वर अरुंद होत जाते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत किंवा खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात राबणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची प्रयोगशाळा लाभणे अशक्यच.

मग इतरांनी काय करावे? औषधांवर उत्पादन-पेटंट देणारी तरतूद २००५ साली आली, तेव्हापासून पेटंटच्या कामाला जीवशास्त्र जाणणारी माणसे लागतात. विज्ञानाच्या पदवीधराला परीक्षा देऊन पेटंट एजंट होता येते. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनी चाचण्यांची आखणी, नोंदी व देखरेख यांचे काम काटेकोर केले. लस व औषध उद्योग, जैवसंख्याशास्त्र, शास्त्रीय लेखन हीही क्षेत्रे आहेत. विद्यार्थ्याला त्यांची वार्ता लागते ती मात्र बहुधा पाचव्या वर्षी, तीही वरच्या वर्गातल्या मित्राकडून. मार्गदर्शकाजवळ विषय काढावा तर ‘विज्ञान सोडून निघालास’ हा भाव चेहऱ्यावर उमटतो! हा संकोच अमेरिकेतही होता. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने नेमलेल्या समितीने २०१२ साली विद्यार्थ्यांना अध्यापनाबाहेरील कामांचीही तयारी मिळावी असे सुचविले, आणि पुढच्याच वर्षापासून त्यासाठी विद्यापीठांना अनुदाने दिली गेली.

आपल्याकडे एवढा खर्चही नको. समितीच्या अनुमतीस लागलेला काळ विद्यावेतनाच्या मुदतीतून वगळावा. थकबाकीच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. निदान विद्यावेतन ठरल्या तारखेस द्यावे. तिसऱ्या वर्षी दोन-तीन महिने उद्योगात, रुग्णालयात वा पेटंटच्या कचेरीत काढण्याची मुभा असावी. प्रबंध लांबेल, असा आक्षेप मार्गदर्शक घेतील. परंतु अनुमतीची वाट पाहत विद्यार्थी रिकामा बसतो तेच महिने यासाठी वापरता येतील, आणि ते महिने कोणते हे मार्गदर्शकालाच सर्वांआधी ठाऊक असते.