फूड प्रोसेसर : माळ्यावर की ओट्यावर?

दिवाळीच्या खरेदीत, बहिणीच्या आग्रहाखातर किंवा बोनसच्या आनंदात फूड प्रोसेसर घरात येतो. पहिले आठ दिवस त्याचे कौतुक असते. कोबी बारीक चिरला जातो, काकडीच्या चकत्या पडतात, शेजारच्या काकूही बघून जातात. महिन्याभराने मात्र तो पुन्हा आपल्या खोक्यात जातो आणि खोके माळ्यावर. गृहिणीचे म्हणणे एकच असते, "दोन कांदे चिरायला एवढे भांडे कोण काढणार आणि कोण धुणार?"

तक्रार अगदी खरी आहे. दोन कांद्यांसाठी विळी किंवा सुरीच बरी. पण याच घरात पाच किलो गाजरे किसायची वेळ आली, तर माळ्यावरच्या खोक्याकडे लक्ष जायला हवे. कोणते काम यंत्राला द्यावे आणि कोणते हाताने करावे, एवढे उमगले की पैसे वाया गेल्याची रुखरुख राहत नाही.

हे समजून घ्यायला चंदीगडचे स्वयंपाकघर फार उपयोगी आहे. लष्कर, बँका, सरकारी कचेऱ्या, इस्पितळे आणि संशोधन संस्था यांतील नोकरीमुळे अनेक मराठी कुटुंबे बदली होऊन तेथे जातात. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा, डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांच्या आसपास उतरणाऱ्या रात्री आणि भाजीची पिशव्या भरभरून खरेदी. अशा ठिकाणी प्रत्येक उपकरणाची कसोटी लागते.

आधी ओटा, मग यंत्र

चंदीगडच्या घरांमागे एका स्त्रीचाही विचार आहे. १९५१ ते १९५४ या काळात ब्रिटिश वास्तुरचनाकार जेन ड्रू यांनी पती मॅक्सवेल फ्राय आणि पियेर जानरे यांच्याबरोबर तेथील सरकारी घरांचे आराखडे केले. सेक्टर २२ हा पहिल्यांदा वसलेल्या भागांपैकी एक. त्याआधी ड्रू यांनी ब्रिटनमधील गॅस उद्योगासाठी स्वयंपाकघराच्या रचनेचे काम केले होते. शेगडी, मोरी आणि काम करण्याची जागा यांत बाईची किती पावले खर्ची पडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

यंत्र घेण्यापूर्वी आपणही हाच विचार करावा. ओट्यावर हातभर मोकळी जागा आहे का? प्लग जवळ आहे का? वायर शेगडीवरून किंवा मोरीवरून तर जात नाही ना? ज्या यंत्रासाठी स्टुलावर चढावे लागते, ते यंत्र वर्षातून दोनदाच वापरले जाते. शक्य असेल तर एखादा जास्तीचा डबा माळ्यावर टाका, पण यंत्र खाली ठेवा.

मिक्सर वेगळा, प्रोसेसर वेगळा

दोन्ही यंत्रांत मोटर असते आणि पाते फिरते, म्हणून अनेकजणी त्यांना एकच समजतात. मिक्सरचे भांडे अरुंद आणि त्याची गती फार जास्त. वाटण, चटणी, कोरडा मसाला ही त्याची कामे. फूड प्रोसेसरचे भांडे पसरट असते आणि गती कमी. चिरणे, किसणे, चकत्या करणे, कणीक मळणे ही त्याची कामे. मिक्सरमध्ये कांदा घातला की त्याचा लगदा होतो आणि प्रोसेसरच्या मोठ्या भांड्यात चार मिरच्या वाटायला घेतल्या तर त्या कडेला चिकटून बसतात. दोष यंत्राचा नाही, निवडीचा आहे.

हे यंत्र मुळात हॉटेलांसाठी बनले. फ्रान्समधील पियेर व्हर्दां यांनी व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी ते तयार केले. नंतर त्याची घरगुती आवृत्ती निघाली आणि १९७३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती अमेरिकन गृहिणींपुढे आली. आपल्याकडची गोष्ट मात्र वाटणापासून सुरू होते. ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि हळकुंडे यांपुढे परदेशी मिक्सर टिकत नसत. मुंबईत अभियंता सत्यप्रकाश माथुर यांची पत्नी माधुरी यांचा असाच परदेशी मिक्सर जळाला, तेव्हा माथुर यांनी भारतीय वाटणाला पुरून उरेल अशा मोटरीचा मिक्सर बनवला. तोच पुढे 'सुमीत' या नावाने घराघरांत पोहोचला.

हिवाळ्याची भाजी

पंजाबात १९८७ पासून 'अपनी मंडी' भरू लागली. शेतकरी आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकतो. चंदीगडमध्येही ठरलेल्या दिवशी निरनिराळ्या सेक्टरांत असे बाजार भरतात. भाजी ताजी आणि स्वस्त मिळते, त्यामुळे पिशवी जड होते. लाल गाजरे, मुळे, मेथी, सरसों, मटार असा आठवड्याचा माल एकदम घरात येतो. प्रोसेसरचे खरे काम येथेच सुरू होते.

गाजर हलवा : दोन किलो गाजरे हाताने किसायला पाऊण तास तरी जातो आणि बोटांची सालेही निघतात. किसण्याची चकती लावली तर हेच काम काही मिनिटांत होते. गाजरे नळीत बसतील अशी उभी कापून घ्या आणि दाबणीनेच आत ढकला, बोटांनी कधीही नाही. मधला कडक पिवळा भाग आधी काढला तर हलव्याला रंग चांगला येतो. जास्तीचा कीस पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतो.

मुळ्याचे पराठे : मुळा चकतीने किसा, मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि घट्ट पिळा. सुटलेले पाणी फेकू नका, त्यातच कणीक मळा. कोबी आणि फ्लॉवरच्या सारणासाठीही हीच रीत.

सरसों का साग : पंजाबी घरात साग लाकडी घोटण्याने घोटतात, कारण त्याला थोडा रवाळपणा हवा असतो. कुकरमध्ये शिजवलेली भाजी निवू द्या. मग प्रोसेसरमध्ये थांबत थांबत तीन-चार वेळा फिरवा. यंत्र एकसारखे चालू ठेवलेत तर सागाची पेस्ट होईल आणि चव उतरेल.

कणकेचे गणित

चार माणसांची कणीक मळायला प्रोसेसर उत्तम. आधी पीठ, मीठ आणि चमचाभर तेल घाला. यंत्र चालू करून वरच्या नळीतून पाणी धारेने सोडा. गोळा एकत्र येऊन भांड्यात फिरू लागला की लगेच बंद करा. दीड-दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. जास्त मळले तर कणीक गरम होते आणि मोटरही. भांड्याच्या मापापेक्षा जास्त पीठ घालण्याचा मोह टाळा. त्यापेक्षा दोन घाण्यांत मळा.

मक्याच्या रोटीला आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीला मात्र हे यंत्र उपयोगाचे नाही. गव्हाच्या पिठाला मळून चिवटपणा येतो, मक्याच्या आणि ज्वारीच्या पिठात तो गुणच नाही. तेथे गरम पाणी आणि तळहाताचाच जोर लागतो. पंजाबी शेजारीण आणि मराठी सूनबाई यांचे या बाबतीत लगेच एकमत होईल.

आपले पदार्थ परगावी

पुरण : शिजलेल्या हरभरा डाळीचा कट नीट निथळून घ्या. डाळ कोमट असतानाच प्रोसेसरमध्ये फिरवा आणि गूळ नंतर घालून आटवा. गूळ घातलेले पुरण यंत्रात चिकटते. पुरण थोडेच असेल तर नेहमीचे पुरणयंत्र अधिक सोयीचे.

खोबरे : उत्तरेत नारळ दुरून येतो. चार नारळ एकदम फोडा, खोबऱ्याचे तुकडे मिक्सरमध्ये पाणी न घालता फिरवा आणि वाटीवाटीच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. रोजच्या भाजी-आमटीला ते ओल्या खोबऱ्यासारखेच लागते.

इडलीचे पीठ : चंदीगडच्या थंडीत पीठ आंबत नाही, ही बदलीवर आलेल्या गृहिणींची नेहमीची अडचण. हिवाळ्यात कोमट पाण्याने वाटा आणि पातेले जाड कापडात गुंडाळून बंद कपाटात ठेवा. मे महिन्यात उलट थंड पाण्याने वाटा, कारण वाटताना पात्याची उष्णता पिठाला लागतेच.

लोणी : साठवलेली साय प्रोसेसरच्या घुसळण्याच्या पात्याने काही मिनिटांत लोणी देते. उन्हाळ्यात बर्फाचे पाणी घाला, हिवाळ्यात किंचित कोमट. उरलेल्या ताकाची कढी किंवा पंजाबी पद्धतीची लस्सी करा.

मिरचीचा ठेचा मात्र खलबत्त्यातच कुटा. तेथे ठेचलेल्या मिरचीची चव पात्याने कापलेल्या मिरचीला येत नाही. पंजाबी घरांतही हिरव्या चटणीसाठी कुंडी-घोटणा अजून जपून ठेवलेला दिसतो.

काळजी घ्या

यंत्र धुण्याचा कंटाळा येतो, कारण आपण ते उशिरा धुतो. काम होताच भांड्यात दोन कप पाणी आणि थेंबभर साबण घालून काही सेकंद फिरवा. वाळलेल्या वाटणाशी झटापट करावी लागणार नाही. मोटरचा भाग पाण्यात कधीही बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पाते काढण्यापूर्वी प्लग काढा. साबणाच्या पाण्यात पाते बुडवून ठेवू नका, ते दिसत नाही आणि हात कापतो.

गरम रस्सा किंवा सूप बंद भांड्यात फिरवू नका. वाफेच्या जोराने झाकण उडते आणि हात भाजतो. यंत्र मध्येच बंद पडले तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लहान बटण असते. मोटरवर ताण आला की ते सुटते. प्लग काढा, भांड्यातील माल कमी करा, थोड्या वेळाने बटण दाबा.

विजेच्या बिलाची भीती वाटत असेल तर हिशेब सोपा आहे. ७५० वॉटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर एका युनिटचा आठवा हिस्सा वीज लागते. खरेदी करताना आयएसआय चिन्ह, तीन पिनांचा प्लग आणि सुट्या भागांची सोय एवढे पाहा. चंदीगडकरांना एक फायदा आहे. जवळचे अंबाला शहर मिक्सरच्या लघुउद्योगासाठी ओळखले जाते. बदलीची नोकरी असेल तर पुढच्या गावीही दुरुस्ती होईल असेच यंत्र घ्यावे.

बटण कोण दाबणार?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. यंत्र आले म्हणून बाईचे काम कमी झाले का? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दाखवले, की घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. श्रम हलके झाले, पण अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी घरातले इतर जे हातभार लावत तोही थांबला. आपल्याकडेही मिक्सर आल्यावर "रोज ताजी चटणी का नाही?" हा प्रश्न आलाच.

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे दोनशे मिनिटांचा फरक. तो कोणत्याही चकतीने कापला जाणार नाही.

पण यंत्राचा एक गुण येथे कामी येतो. विळीवर बसून किसायला सराव लागतो, प्रोसेसर चालवायला लागत नाही. "मला जमत नाही" ही सबब त्यापुढे टिकत नाही. म्हणून यंत्र विकत घेतले की माहितीपुस्तिका एकटीने वाचू नका, घरातल्या सगळ्यांना दाखवा. रविवारी मंडईतून गाजरे आली की मुलांनी ती धुवावीत, साले काढावीत, यजमानांनी किसावीत आणि भांडेही त्यांनीच धुवावे. हलवा तुम्ही परता. मग फूड प्रोसेसर माळ्यावर जाणार नाही आणि रविवारची दुपार थोडीशी तुमच्याही वाट्याला येईल.