पॉवर बँकेवरचा आकडा आणि पदरात पडणारी वीज

मोबाईल फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. घरोघरी सामान पोहोचविणारा तरुण, रिक्षाचालक, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, मुकादमाच्या फोनची वाट पाहणारा मजूर, या सर्वांची रोजीरोटी कमीअधिक प्रमाणात फोनवर अवलंबून आहे. भर दुपारी फोन बंद पडला तर हातची ऑर्डर जाते, एखाद्याचा त्या दिवसाचा खाडा होतो. म्हणूनच पोटाला चिमटा घेऊन अनेक कुटुंबे पॉवर बँक विकत घेतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० एमएएच असे छापलेले असते. घरातल्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची. तेव्हा फोन दोनदा पूर्ण भरेल, असा साधा हिशेब आपण मांडतो. प्रत्यक्षात तो दीड वेळाही जेमतेम भरतो. मग मनात शंका येते, दुकानदाराने आपल्याला फसविले तर नाही ना?

कधी फसविलेले असते, कधी नसते. यातला फरक प्रत्येक ग्राहकाला ओळखता आला पाहिजे. त्यासाठी सातवी-आठवीचा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे.

नोटा किती आणि कितीच्या?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर. समजा, एका माणसाजवळ १०,००० नोटा आहेत. एवढ्यावरून तो श्रीमंत की गरीब हे सांगता येईल काय? नाही. नोट एक रुपयाची की शंभराची, हे आधी कळले पाहिजे. विजेचेही तसेच आहे. एमएएच ही नोटांची संख्या समजा आणि व्होल्ट ही एका नोटेची किंमत समजा. दोहोंचा गुणाकार केला की एकूण रक्कम कळते. विजेच्या भाषेत त्या रकमेला वॉट-अवर म्हणतात. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-अवर.

पॉवर बँकेच्या पोटात लिथियमचे सेल असतात. अशा सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट धरतात आणि खोक्यावरचा १०,०००चा आकडा याच दाबाचा असतो. १०,००० ला ३.७ ने गुणून १,००० ने भागले की ३७ वॉट-अवर येतात. ही झाली आत साठलेली खरी पुंजी.

पण नेहमीच्या यूएसबीच्या तोंडातून वीज बाहेर येते ती ५ व्होल्टने. म्हणजे ३.७ रुपयांच्या नोटा मोडून ५ रुपयांच्या नोटा घ्यायच्या. रक्कम तीच, पण नोटांची संख्या कमी होणार. हिशेबाने त्या ७,४०० भरतात. शिवाय नोटा मोडून देणारा फुकट काम करीत नाही, तो बट्टा कापून घेतो. पॉवर बँकेतील दाब वाढविणारे सर्किटही साधारण १० ते २० टक्के वीज खाते. ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते, म्हणूनच पॉवर बँक वापरताना कोमट लागते. बट्टा वजा जाता ७,४०० चे सहा-साडेसहा हजार उरतात.

आता फोनकडे वळू. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते. म्हणजे ती भरण्यास सुमारे १९ वॉट-अवर लागतात. पॉवर बँकेतून ३७ पैकी ३१ च्या आसपास बाहेर पडले, त्यातही फोन स्वतःच्या बॅटरीत वीज भरताना थोडी गमावतो. हाती येतात सुमारे २७. त्यांना १९ ने भागा. उत्तर येते १.४. तेव्हा १०,०००च्या पॉवर बँकेने फोन दीड वेळेच्या आसपास भरला, तर ती पॉवर बँक प्रामाणिक आहे. चार्जिंग चालू असताना फोनवर चित्रफिती पाहिल्या तर हा आकडा आणखी खाली येतो, त्यात पॉवर बँकेचा दोष नाही.

लहान अक्षरे आधी वाचा

चांगल्या कंपनीच्या पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असे लिहिलेले असते. १०,०००च्या पॉवर बँकेवर हा आकडा बहुधा सहा हजारांच्या आसपास असतो आणि शेजारी ५ व्होल्ट लिहिलेले असते. फोनपर्यंत पोहोचणाऱ्या विजेच्या जवळ जाणारा आकडा हाच. त्याच्या जोडीला इंग्रजी डब्ल्यू आणि एच ही अक्षरे असलेला आकडा, म्हणजे वॉट-अवर शोधा. दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर याच आकड्यांनी करावी. ज्या वस्तूवर फक्त मोठा आकडा आहे आणि बाकी काहीच नाही, ती खाली ठेवावी.

तराजू खोटे बोलत नाही

रस्त्यावर, रेल्वे स्थानकाबाहेर, कधी आकर्षक जाहिरातींतून ५०,००० एमएएचची पॉवर बँक अगदी स्वस्तात विकली जाते. तळहातावर मावणारी आणि हातात हलकी. इथे मात्र सावध झाले पाहिजे. पॉवर बँकेत वापरला जाणारा एक गोल सेल १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचे वजन ४५ ते ५० ग्रॅम, आणि उत्तम प्रतीच्या सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या घरात. ५०,००० साठी असे १४-१५ सेल हवेत. म्हणजे नुसत्या सेलचेच वजन ६५० ग्रॅमच्या पुढे गेले. चपट्या सेलचे गणितही याहून फार वेगळे नाही. मग २०० ग्रॅमच्या डबीत ५०,००० कोठून येणार? किराणा दुकानातल्या तराजूवर ठेवली तरी लबाडी उघड होते. वजनदार आहे म्हणून ती खरीच, असे मात्र समजू नये. वजनासाठी आत भलतेच काही भरलेल्या बनावट पॉवर बँकाही सापडल्या आहेत.

म्हणून घरी एक परीक्षा घ्यावी. नवी पॉवर बँक पूर्ण भरा. फोन २० टक्क्यांवर आला की तिला जोडा. १०० टक्के झाला म्हणजे वहीत ८० लिहा. फोन वापरून पुन्हा उतरला की पुन्हा जोडा, आणि पॉवर बँक रिकामी होईपर्यंत टक्के लिहीत जा. ५,०००च्या फोनला १०,०००च्या नव्या पॉवर बँकेतून एकूण १३० ते १५० टक्के मिळाले तर ठीक. शंभरही भरले नाहीत तर नक्कीच काहीतरी गडबड आहे. हा प्रयोग दहावीतल्या मुलामुलींकडून करून घ्यावा. पाठ्यपुस्तकातला व्होल्ट आणि वॉट त्यांना घरातच भेटेल.

कायदा आपल्या बाजूने आहे

भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर 'आर' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे आठ आकडे असलेला क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे ते कळते. क्रमांक नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर ती पॉवर बँक घेऊ नये.

विकत घेताना पक्की पावती मागावी. पावती मागण्यात कमीपणा नाही, तो आपला हक्क आहे. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवायही जाता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

जपणूक आणि प्रवास

सेलची शक्ती वापराने हळूहळू कमी होते, उन्हाने लवकर कमी होते. तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत पॉवर बँक ठेवू नये. ती फुगली तर वापर तात्काळ थांबवावा. ती उघडू नये, केरात टाकू नये, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावी. उशाशी, अंथरुणावर ठेवून रात्रभर चार्ज करणे धोक्याचे आहे. एका खोलीच्या घरात तर अधिकच.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विमानात पॉवर बँक सोबतच्या पिशवीतच न्यावी लागते, तळाच्या सामानात ती चालत नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-अवरची. २०,०००ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची, ती बसते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. ज्या पॉवर बँकेवर हा आकडाच छापलेला नाही, ती तपासणीत अडकून पडू शकते. विमानात ती वापरण्याबाबत कंपनीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

पुढच्या वेळी दुकानात गेलात की मोठ्या आकड्यावर भुलू नका. "यात वॉट-अवर किती?" एवढे विचारा. दुकानदाराला सांगता आले नाही तर वस्तू स्वतः उलटून पाहा, घाई करू नका. घाम गाळून मिळविलेल्या पैशाची वस्तू पारखून घेण्यात संकोच कसला?