लहान शेतीला केवढा ट्रॅक्टर?

महाराष्ट्रात १९७०-७१ साली झालेल्या कृषिगणनेत शेतकऱ्याचे सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर आले. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, शेताचे तुकडे लहान झाले. याच काळात बैलजोडी पोसणेही कठीण होत गेले. गायराने आक्रसली, वैरण महागली आणि औत धरणारा गडी वेळेवर मिळेनासा झाला. त्यामुळे जमीन कमी झाली असतानाही यंत्राची गरज मात्र वाढली. आता वडिलार्जित दोन-चार एकरांकडे वळलेला निवृत्त नोकरदार आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा अल्पभूधारक या दोघांपुढेही एकच प्रश्न उभा असतो: ट्रॅक्टर घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर केवढा?

हा प्रश्न केवळ यंत्राच्या निवडीचा नाही. बहुतेक ट्रॅक्टर कर्जाने घेतले जातात आणि त्या कर्जाचा बोजा अनेकदा सातबाराच्या उताऱ्यावर चढतो. शेजाऱ्याच्या दारात मोठा ट्रॅक्टर उभा आहे म्हणून आपल्याही दारात तसाच असावा, या भावनेने घेतलेला निर्णय पुढे कित्येक वर्षे हप्त्यांच्या रूपाने शेतीचे उत्पन्न खात राहतो. उलट, फारच लहान ट्रॅक्टर घेतल्यास तो जड जमिनीत जागच्या जागी चाके फिरवीत राहतो. म्हणून खरेदीपूर्वी काही मूलभूत गोष्टी समजून घेणे अगत्याचे ठरते.

अश्वशक्ती म्हणजे काय?

पंच्याहत्तर किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास लागणारी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती. सतत काम करणारी मध्यम बैलजोडी साधारणपणे एवढीच शक्ती देते. पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे पंधरा बैलजोड्या, असा समज मात्र बरोबर नाही. माहितीपत्रकावर छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. मागील फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर, त्याहून काहीशी कमी शक्ती मिळते. प्रत्यक्ष ओढकामासाठी तर मऊ रानात इंजिनाच्या सुमारे निम्मीच शक्ती हाती येते. उरलेली शक्ती गिअर, चाकांची घसरण आणि मातीत रुतणारे टायर यांत खर्च होते.

यावरून पहिला नियम निघतो. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर यांसारख्या फिरत्या अवजारांसाठी पी.टी.ओ.ची शक्ती पाहावी, तर नांगर, कल्टिव्हेटर, ट्रॉली यांसाठी ओढशक्ती पाहावी. इंजिनाच्या एकाच आकड्यावर निवड करू नये.

शक्ती इंजिनात, पकड वजनात

नांगराला लागणारी ओढ ही तासाची रुंदी, खोली आणि मातीचा विरोध यांवर अवलंबून असते. मध्यम जमिनीत मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरला, तर ३० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर खोल तास काढण्यास सुमारे २२५ किलो ओढ लागेल. ताशी चार किलोमीटर वेगाने हे काम करण्यास ओढदांड्यावर साडेतीन अश्वशक्तीही पुरे. म्हणजे इंजिन सात अश्वशक्तीचे असले तरी चालेल.

आता हेच काम सुकलेल्या काळ्या जमिनीत २५ सेंटिमीटर खोलीवर करावयाचे आहे आणि मातीचा विरोध ०.८ किलो आहे, असे समजू. ओढ ६०० किलोवर जाते. त्यासाठी ओढदांड्यावर सुमारे नऊ, म्हणजे इंजिनाची अठरा अश्वशक्ती हवी. कागदावर अठरा अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर या कामास पुरेसा वाटतो. शेतात मात्र तो पुरा पडत नाही. याचे कारण त्याच्या वजनात आहे. शेतातील मातीत ट्रॅक्टर सामान्यतः आपल्या वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के एवढेच ओढू शकतो. आठशे किलो वजनाच्या ट्रॅक्टरची ओढ तीनशेवीस ते चारशे किलोंवर संपते. त्यापुढे इंजिन कितीही गुरगुरले तरी चाके घसरतात, डिझेल जळते आणि टायर झिजतात. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरची पकड अधिक असते. तरीही वजनाची मर्यादा राहतेच.

जास्त वजनाचे तोटेही आहेत. ओल्या काळ्या रानात जड ट्रॅक्टर वारंवार फिरला की माती दबते, नांगराच्या तळाखाली कठीण थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि मुळे खोल जात नाहीत. फळबागेत तर दर फवारणीला चाके त्याच पट्ट्यातून जातात. अशा ठिकाणी हलका ट्रॅक्टरच जमिनीला मानवतो.

अवघड काम वर्षातून किती तास?

येथे लहान शेतकऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. खोल नांगरट हे सर्वांत अवघड काम वर्षातून किती तास चालते? पाच एकरांत ते एक-दोन दिवसांत आटोपते. त्या एक-दोन दिवसांसाठी मोठा ट्रॅक्टर वर्षभर पोसणे हिशेबात बसत नाही. ट्रॅक्टर वर्षभर करावयाच्या कामांसाठी घ्यावा आणि वर्षातून एकदा येणारे अवघड काम भाड्याने करून घ्यावे, हेच लहान शेतीच्या यांत्रिकीकरणाचे मुख्य सूत्र होय.

वेळेच्या बचतीचा मुद्दाही तपासून पाहावा. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटर वेगाने चालला आणि वळणे व अडथळे यांत वीस टक्के वेळ गेला, तर एक एकर काम सुमारे एक तास चाळीस मिनिटांत होते. दीड मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरने तेच काम सुमारे एक तास सात मिनिटांत होते. पाच एकरांत बचत होते ती पावणेतीन तासांची. एवढ्या बचतीसाठी दुप्पट किंमत मोजावयाची काय, हे प्रत्येकाने ठरवावे.

ओळी, बांध आणि वळण

जमिनीइतकेच महत्त्व पिकाच्या मांडणीला आहे. डाळिंबाची लागवड सामान्यतः साडेचार बाय तीन मीटरवर होते. तथापि झाडांचा घेर वाढल्यावर ओळीतील मोकळी वाट बरीच अरुंद होते. द्राक्षबागेत रुंदीबरोबर उंचीही पाहावी लागते; मांडवाखालून जाताना ट्रॅक्टरचा धुराडा, सुकाणू आणि चालकाचे डोके या तिन्हींना जागा हवी. म्हणूनच नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागांतून अरुंद, ठेंगणे ट्रॅक्टर फिरताना दिसतात. ऊस, कापूस किंवा तूर यांत आंतरमशागत करावयाची असल्यास दोन चाकांतील अंतर कमीजास्त करता येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना किमान एक वीत मोकळी जागा राहिली पाहिजे.

लहान तुकड्यात वळणाची जागाही मोलाची असते. पन्नास मीटर लांब व वीस मीटर रुंद, म्हणजे सुमारे दहा गुंठ्यांच्या तुकड्यात लांबीने तासे काढताना दोन्ही टोकांना चार-चार मीटर वळणासाठी सोडले, तर सोळा टक्के क्षेत्र त्यात जाते. अडीच मीटरमध्ये वळणाऱ्या यंत्राला दहा टक्केच लागते. कोकणातील भातखाचरांत आणि डोंगरउतारावरील पायरीच्या शेतात ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात नेणेच अनेकदा दुरापास्त असते. तेथे पॉवर टिलर अधिक सोयीचा ठरतो.

मालकीचा खरा खर्च

ट्रॅक्टर वापरला नाही तरी त्याचा काही खर्च चालूच राहतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ट्रॅक्टर चार लाखांचा, आयुष्य दहा वर्षे आणि शेवटी दहा टक्के किंमत वसूल होईल, असे धरू. वार्षिक घसारा ३६,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्क्यांनी व्याज २२,००० रुपये आणि विमा व निवारा यांसाठी दोन टक्के, म्हणजे ८,००० रुपये. एकूण ६६,००० रुपये. पाच एकरांना दर एकरी १५ तास धरले, तर वर्षाला काम भरते ७५ तासांचे. म्हणजे डिझेल, तेल, दुरुस्ती व चालक यांचा खर्च धरण्यापूर्वीच ताशी ८८० रुपये पडतात. एकरी हा बोजा १३,२०० रुपयांचा होतो. ट्रॅक्टर आठ लाखांचा घेतल्यास तोच बोजा एकरी २६,४०० रुपयांवर जातो. पिकातून एकरी एवढी शिल्लक उरते काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या वहीत शोधावे.

हाच चार लाखांचा ट्रॅक्टर वर्षाला ३०० तास चालला, तर स्थिर खर्च ताशी २२० रुपयांवर येतो. त्यासाठी शेजाऱ्यांची कामे करणे किंवा दोन-तीन भावांनी वा मित्रांनी मिळून खरेदी करणे, हे मार्ग आहेत. संयुक्त खरेदीत वापराची पाळी, डिझेल आणि दुरुस्तीचा वाटा आधीच लेखी ठरवून घ्यावा. पेरणीची वाफ सर्वांच्या शेतात एकाच वेळी येते आणि वाद तेव्हाच उद्भवतात.

ढोबळ मार्गदर्शन

वरील सर्व गोष्टी ध्यानात घेता काही ढोबळ प्रमाण सांगता येते. दोन एकरांपर्यंतच्या शेतीला स्वतःचा ट्रॅक्टर सहसा परवडत नाही. आंतरमशागतीसाठी लहान पॉवर वीडर किंवा पॉवर टिलर ठेवावा आणि नांगरट भाड्याने करावी. दोन ते पाच एकर भाजीपाला किंवा फळबाग असेल आणि वर्षभर काम असेल, तर पंधरा ते वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरेसा होतो. केवळ कोरडवाहू हंगामी पिके असल्यास एवढ्या क्षेत्रालाही भाड्याचा मार्गच श्रेयस्कर. पाच ते दहा एकर बाग असून मागे ओढावयाचा ब्लोअर वापरावयाचा असल्यास वीस ते तीस अश्वशक्तीचा विचार करावा. सहाशे लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन सहाशे किलो भरते, हे विसरू नये. त्यापुढील क्षेत्र, भारी जमीन, ऊसवाहतूक अथवा संयुक्त खरेदी असेल, तरच पस्तीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडे वळावे.

खरेदीपूर्वी

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र शासनाची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था कार्यरत आहे. तिच्या चाचणी अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती, ओढ, इंधनाचा खप व लिफ्टची उचलक्षमता यांची मोजमापे मिळतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. अवजाराचे वजन लिफ्टच्या क्षमतेत बसते की नाही, हेही तपासावे. शक्य असल्यास आपल्याच शेतात, आपल्याच अवजाराने प्रात्यक्षिक घ्यावे. दुरुस्तीची सोय व सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, याची चौकशी करावी. ऐन हंगामात चार दिवस बंद पडलेला ट्रॅक्टर सर्वांत महाग पडतो.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून राबविण्यात येत असून त्यातून वैयक्तिक अवजारांबरोबर भाडेतत्त्वावरील अवजारे बँकांनाही साहाय्य देण्यात येते. अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी खरेदी केल्यास अनुदानास मुकावे लागते, हे ध्यानात ठेवावे. अनुदानाचे चालू दर व अटी कृषी साहाय्यकाकडून समजून घ्याव्यात. शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आहे. मात्र सवलत मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. अनुदान एकदाच मिळते, खर्च दरसाल येतो.

सुरक्षितता

अरुंद ट्रॅक्टर ओळीतून सहज जातो, परंतु उतारावर व बांधावरून उतरताना तो लवकर कलंडतो. चालकाच्या मागे संरक्षक कमान असावी आणि ती असल्यास आसनपट्टा बांधावा. ओढावयाचे ओझे ठरवून दिलेल्या खालच्या ओढदांड्यालाच जोडावे. वर जोडल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. पी.टी.ओ.च्या दांड्यावरील आवरण काढू नये. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या दांड्यात धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकला, तर हात पुढे करण्यासही उसंत मिळत नाही. लहान ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडून घाटउतारावर नेणे हे तर जिवावरचे धाडस होय. चढावर ओढता आलेले ओझे उतारावर थोपविता येईलच असे नाही.

लहान शेतीचे बळ तिच्या काटेकोरपणात आहे. बियाणे मोजून, पाणी मोजून आणि खत मोजून देणारा शेतकरी अश्वशक्तीही मोजूनच घेईल, तर यंत्र त्याच्या कामी येईल. एरवी यंत्राचे हप्ते फेडण्यासाठी त्यालाच राबावे लागेल.