कुठला तंतू कुठल्या गावाचा?

पावसाळ्यात पेडण्यात एखादं झाड खांबावर कोसळलं, की विजेबरोबर कधीकधी इंटरनेटही जातं. तुटलेली केबल सगळ्यांना दिसते. पण दुरुस्ती तासाभरात होणार की दिवसभर रखडणार, हे पुष्कळदा दूरच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटावर ठरतं. हे कपाट म्हणजे ऑप्टिकल डिस्ट्रिब्यूशन फ्रेम, थोडक्यात ‘ओडीएफ’.

गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने तालुके आणि ग्रामपंचायती फायबरने जोडल्या. अशा जाळ्यातली जाड केबल ओडीएफमध्ये येऊन उलगडते. आतला काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, साधारण केसाएवढा. प्रकाश वाहणारा गाभा तर जेमतेम 9 मायक्रॉनचा. ओळख पटावी म्हणून निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे 12 रंग ठरलेले आहेत. प्रत्येक तंतू ट्रेमध्ये वितळवून जोडतात आणि क्रमांकाच्या पोर्टवर आणतात. साधा तंतू 3 सेंटिमीटर त्रिज्येहून जास्त आवळून वळवला, तर प्रकाश गळू लागतो.

पोर्टवर ‘पेडणे’ की ‘डिचोली’ हे लिहिलेलं नसेल, तर एकेक तंतू काढून बघावा लागतो. पेडण्याची लाइन शोधताना डिचोलीतली चालू लाइन बंद पडू शकते. लेबल असेल, तर त्याच तंतूला ओटीडीआर यंत्र लावून तो किती अंतरावर तुटलाय, ते लगेच कळतं.

नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलामुलींनो, यंत्रं बदलत राहतील. जोडणी केली की लगेच लेबल लावायची सवय मात्र आजच लावून घ्या.