बंबाचा नळा

दिवाळी अंकासाठी बंबावर लेख हवा, असे संपादकांनी कळवले. नरक चतुर्दशीची पहाट, उटण्याचा वास, न्हाणीघरातला धूर एवढे त्यात यावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. तिथे एका कारागिरापुढे तळ काढलेला बंब उलटा ठेवला होता आणि त्याच्या पोटातला नळा शेजारी आडवा पडला होता. बंब मी लहानपणापासून पाहिला आहे, पण नळा असा बाहेर काढलेला पहिल्यांदाच पाहत होते. लेख तिथेच बदलला.

तांबटांचा इतिहास बऱ्याच ठिकाणी छापून आला आहे. ही मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यात आली, आणि हंडे, घागरी, तपेली, बंब यांवर त्यांच्या पिढ्या गेल्या. आता मठारकामाच्या, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन घडवलेल्या, वस्तू शोभेसाठीही घेतल्या जातात. बंब मात्र गिझर आला तसा माळ्यावर चढला, आणि माळा आवरताना मोडीत गेला.

बाहेरून बंब म्हणजे तांब्याचे उंच पिंप. आत उभा नळा असतो, त्याच्या तळाशी बिडाची जाळी आणि जाळीखाली राख पडायची जागा. ढलप्या, काटक्या, करवंट्या वरून नळ्यात टाकायच्या. जाळ नळ्यात राहतो आणि पाणी त्याच्या भोवती. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते, इथे ती नळ्याच्या सगळ्या अंगाने पाण्यात शिरते. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४,२०० किलोज्यूल उष्णता लागते. किलोभर वाळक्या लाकडात सुमारे १६,००० किलोज्यूल असतात. म्हणजे निम्मी उष्णता धुराबरोबर गेली तरी अर्धा-पाऊण किलो लाकडात एका माणसाची भरपूर अंघोळ होते.

बंब दोन तऱ्हांचे. एकाला खाली तोटी असते. दुसऱ्याला तोटी नसतेच, आणि मला तो अधिक हुशारीचा वाटतो. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतले की ते आतल्या बारीक नळीने थेट तळाशी जाते आणि वर जमलेले कढत पाणी चोचीतून बाहेर ढकलले जाते. तांब्याभर गार आत, तांब्याभर कढत बाहेर. हलणारा एकही भाग नाही, झिजणारा पडदा नाही. पाण्याची पातळी चोचीखाली जात नाही, त्यामुळे नळा कधी उघडा पडत नाही.

हे महत्त्वाचे का, ते त्या कारागिराच्या हातातला नळा पाहून कळले. तांबे वितळते १,०८५ अंशांना, पण सांधे जोडणाऱ्या डाखातले कथील २३२ अंशांनाच पाणी होते. तरी कथलाचा डाख जाळाशेजारी वर्षानुवर्षे टिकतो, कारण पलीकडे पाणी असेपर्यंत नळ्याचा पत्रा शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. बंबाला पाणीच जपते. कोरडा पेटवला की थोड्याच वेळात डाख ओघळतो.

जुना बंब पारखायला लोक आधी चकाकी पाहतात. ती सगळ्यात शेवटी पाहावी. अंगठा फिरवून मठाराचे ठोके जाणवतात का बघावे. उभा सांधा निरखावा: पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवलेले असतील, तर काम हाताचे. लोहचुंबक चिकटला, तर तांबे वरवरचे आहे. ठिपक्यांनी कोरलेले नाव, कोणी कोणाला दिले ते, मिती असेल, तर घराण्याचा माग लागतो, म्हणून घासताना ती जागा सांभाळावी. आणि मग नळ्यात विजेरी मारावी. बंब जिवंत आहे की नाही, ते तिथे ठरते.

खरी अडचणही तिथेच सुरू होते. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे तापवले की नळ्याच्या पाण्याकडच्या अंगावर क्षाराचा थर चढतो. क्षारातून उष्णता नीट जात नाही. पाणी भरलेले असूनही पत्रा जास्त तापतो आणि डाख मऊ पडतो. हा थर छिन्नीने काढला तर पत्रा फाटतो, जहाल तेजाबाने काढला तर सांधेही खाल्ले जातात. चिंच किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवत ठेवणे, हाच बरा उपाय, आणि तेवढी सवड गिऱ्हाईक देत नाही. पावसाळाभर आत राहिलेली ओली राख तर जाळीच्या पातळीला नळा कुरतडते.

नळ्याला भोक पडले असेल, तर ठिगळ पक्क्या झाळेचे हवे. त्यासाठी टाकणखार लावून पत्रा लालबुंद करावा लागतो, आणि त्या आचेत आसपासचे कथलाचे सगळे सांधे सुटतात. म्हणून तळ उघडून नळा बाहेर घेण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम खर्चाचे आहे, आणि दुकानात मांडलेल्या बहुतेक ‘दुरुस्त’ बंबांत ते टाळलेले असते. बाहेरून लकाकी, वर पारदर्शक लेप, आत चाळण. याची मला काळजी वाटते, कारण असा बंब घेणारा एखाद्या दिवाळीला तो हौसेने पेटवतो. चोचीला कोणी नवी बंद होणारी तोटी बसवली आणि नरसाळ्याचे तोंडही बंद केले, तर वाफेला वाट उरत नाही आणि आगीवर बंद भांडे तयार होते. बंब खिडकी नसलेल्या न्हाणीघरात पेटवू नये, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. जुन्या डाखात शिसेही असू शकते, तेव्हा हे पाणी अंघोळीचे, पिण्याचे नव्हे.

एवढे करूनही तळ पुन्हा बसवताना अडते. दुमडलेली जुनी कड ठोकून ठोकून कडक झालेली असते, तशीच उलगडली तर तडकते. आधी तापवून मऊ करावी, मग दुमडावी, मग पुन्हा मठारून ताठ करावी. नंतर बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवतात. सकाळी फरशी ओली असली, तर तळ परत उघडायचा.