ईमेलवर क्लिक केलं आणि काहीच उघडलं नाही? दोष कुठे असतो आणि दुरुस्ती कुठे करायची

व्हिडिओत सेटिंग्ज भराभर पुढे सरकतात, म्हणून तीच गोष्ट इथे सावकाश लिहितेय. संगणक समोर ठेवून वाचा.

समजा, तुम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवता. एका पानाची का होईना, वेबसाइट तयार केलीय आणि खाली छान निळं बटण लावलंय, ‘आम्हाला ईमेल करा’. सुपा एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस तीन पुरवठादारांची पानं उघडून बसलाय. तो तुमच्या बटणावर क्लिक करतो आणि काहीच होत नाही, किंवा कुठलीतरी अनोळखी खिडकी उघडून त्याला पासवर्ड विचारते. तो ती बंद करून पुढच्या पुरवठादाराकडे जातो. फोन लागला नाही तर निदान मिस्ड कॉल दिसतो. इथे गिऱ्हाईक येऊन परत गेलं, याची तुम्हाला कानोकान खबर लागत नाही.

‘मॅडम, आता ईमेल कोण करतंय? व्हॉट्सॲप आहे की!’ हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. दुकानाच्या काउंटरवरच्या गिऱ्हाइकापुरतं ते खरं आहे. पण कंपनीला कोटेशन लेखी लागतं, फाइलला लावायला लागतं. शिर्डीत लॉज चालवत असाल तर बाहेरच्या राज्यातून पन्नास जणांचं बुकिंग करणारी ट्रॅव्हल एजन्सी मेलच पाठवते. संगमनेर-राहात्याकडचं डाळिंब बाहेर पाठवायचं म्हटलं तरी खरेदीदाराशी सगळा व्यवहार मेलवरच होतो. म्हणजे मोठी ऑर्डर ज्या दारातून येते, तेच दार अडकलेलं असतं.

आता हे अडकतं कसं, ते बघू. ईमेलच्या लिंकमध्ये कुठलाही प्रोग्राम नसतो. ती फक्त एक चिठ्ठी असते: ‘अमुक पत्त्यावर पत्र लिहायचंय’. लिंकच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘मेलटू’ आणि पुढे कोलन असतो. त्याचा अर्थ एवढाच. ही पद्धत जुनी आहे, इंटरनेटच्या १९९४ च्या नियमांतही ती सापडते. त्या काळी ज्याच्याकडे ईमेल, त्याच्या संगणकावर मेलचा प्रोग्राम बसवलेलाच असायचा. आज आपण सगळे जीमेल ब्राउझरमध्ये उघडतो. संगणकाच्या लेखी जीमेल ही बाकीच्यांसारखीच एक वेबसाइट. त्यामुळे चिठ्ठी आली की विंडोज विचारतं, ‘या गावात टपाल कोण सांभाळतो?’ कोणाची नेमणूकच केलेली नसेल तर चिठ्ठी तशीच पडून राहते. आणि नेमणूक जुन्याच माणसाची असेल तर ती भलत्याच दारात जाते.

म्हणजे लिंक बहुतेक वेळा बरोबर असते, नेमणूक चुकलेली असते. ही नेमणूक दोन ठिकाणी करावी लागते. एकच करून लोक थांबतात आणि मग ‘करून बघितलं, चालत नाही’ म्हणतात.

पहिलं ठिकाण ब्राउझर. क्रोममध्ये जीमेल उघडा, लॉगिन झालेलं असू द्या. वर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला पत्त्यांतल्या चौकटसारखे दोन आकार एकमेकांवर चढलेले दिसतील. त्यावर क्लिक करा, परवानगी द्या, झालं. हे चिन्ह दिसलंच नाही तर कधीतरी कोणीतरी घाईत ‘नको’ म्हटलेलं असतं. तेव्हा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग ॲडिशनल परमिशन्स आणि तिथे प्रोटोकॉल हँडलर्स असं जायचं. ‘साइट्सना विचारू द्या’ हा पर्याय चालू ठेवायचा. खाली अडवलेल्यांच्या यादीत जीमेल दिसलं तर ते काढून टाकायचं, जीमेल पुन्हा उघडायचं, की चिन्ह येतं. फायरफॉक्सवाल्यांचं काम सोपं आहे. सेटिंग्ज, जनरल, खाली ॲप्लिकेशन्सची यादी, त्यात मेलटू शोधा आणि समोर जीमेल निवडा.

दुसरं ठिकाण विंडोज. एक्सेलमधल्या यादीत पुरवठादाराचा मेल आयडी टाइप केला की तो आपोआप निळा होतो, त्यावर चुकून क्लिक बसतोच. पीडीएफमधल्या बिलावरही लिंक असते. या लिंका ब्राउझरच्या बाहेरच्या आहेत, त्या आधी विंडोजकडे जातात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स उघडा आणि वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत मेलटू टाइप करा. आत्ता कोणाची नेमणूक आहे ते दिसेल, ती बदलून क्रोम करा. विंडोज १० मध्ये त्याच डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर सगळ्यात वर ‘ईमेल’ असतं, तिथे क्रोम निवडा. आता एक्सेलमधून चिठ्ठी विंडोजकडे, विंडोजकडून क्रोमकडे आणि क्रोमकडून जीमेलकडे, अशी साखळी पूर्ण झाली. मधली एक कडी सुटली तरी रिकामी खिडकी उघडते.

विंडोज १० वाल्यांनी थोडं जास्त लक्ष द्या, कारण आपल्याकडच्या दुकानांत असे संगणक अजून भरपूर आहेत. त्यात ‘मेल’ नावाचं एक ॲप आधीपासूनच यायचं आणि नेमणूक आपोआप त्याचीच असायची. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला ते ॲप बंद केलं. त्यानंतर त्यातून मेल पाठवताही येत नाही आणि येतही नाही, ते नवीन आउटलुककडे बोट दाखवतं. म्हणून काल-परवापर्यंत चालणारी लिंक अचानक बिघडली असं वाटतं. फॉरमॅट मारायची काही गरज नाही, नेमणूक बदला. (विंडोज १० चा स्वतःचाच नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण तो वेगळा विषय. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करू.)

आउटलुक वापरायचं की जीमेल? तुमचं सगळं काम आउटलुकमध्ये असेल तर त्यात खातं जोडा आणि नेमणूक त्याचीच ठेवा. नसेल तर निव्वळ लिंक उघडावी म्हणून नवीन प्रोग्राम अंगावर घेऊ नका.

एक बारीक गोष्ट. एकाच क्रोममध्ये घरचं आणि दुकानाचं अशी दोन जीमेल खाती उघडी असतील, तर लिंकवर क्लिक केल्यावर आधी लॉगिन केलेल्या खात्यातून मेल उघडतो. मग कोटेशन जातं मुलाच्या शाळेसाठी काढलेल्या आयडीवरून, आणि उत्तरही तिकडेच येतं. पाठवण्याआधी ‘फ्रॉम’ बघायची सवय लावा. त्यापेक्षा बरं म्हणजे दुकानासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा.

मोबाइलवर हा त्रास कमी आहे. अँड्रॉइडवर जीमेल ॲप असतंच, ते उघडतं. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून ॲपलच्या मेलऐवजी जीमेल नेमता येतं. मोबाइलवरची खरी अडचण वेगळी आहे. इन्स्टाग्रामवरून कोणी तुमच्या पानावर आलं की ते पान इन्स्टाग्रामच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं, क्रोममध्ये नाही. अशा ॲपच्या आतल्या ब्राउझरला मेलटूची चिठ्ठी कळेलच असं नाही. मग पांढऱ्या पानावर ‘अननोन यूआरएल स्कीम’ अशी इंग्रजी ओळ येते. तुमच्या गिऱ्हाइकाला त्यातून काय बोध होणार?

इथपर्यंत आपण आपला संगणक दुरुस्त केला. गिऱ्हाइकाच्या संगणकाला तुम्ही हात लावू शकत नाही. त्याची नेमणूक चुकलेली असेल तर ती चुकलेलीच राहणार. म्हणून माझं ठाम मत आहे की नुसतं ‘ईमेल करा’ बटण पानावर ठेवू नका. बटणावर किंवा बटणाखाली पूर्ण ईमेल पत्ता अक्षरांत दिसला पाहिजे, निवडून कॉपी करता आला पाहिजे. चित्रात लिहिलेला पत्ता कॉपी होत नाही, त्यामुळे बॅनरवर आहे म्हणून सोडू नका. उघडा पत्ता ठेवला की फालतू मेल वाढतात, हे खरं आहे. पण स्पॅम पुसायला रोज दोन मिनिटं जातात, आणि गेलेली चौकशी परत येत नाही. शेजारी व्हॉट्सॲपची लिंक द्या. त्यात नंबर ९१ पासून सुरू करायचा, अधिकचं चिन्ह, शून्य, मधल्या रेघा काही नको.

लिंक स्वतःच चुकीची असण्याचेही प्रकार आहेत. वेबसाइट बनवणाऱ्या टूलमध्ये ‘वेब ॲड्रेस’च्या रकान्यात मेल आयडी टाकला की ते टूल पुढे एचटीटीपीएस चिकटवतं आणि ती मेलची लिंक राहतच नाही. ‘ईमेल’ हा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. मेलटूनंतर फक्त कोलन हवा, वेबसाइटसारख्या दोन तिरक्या रेघा नकोत. पत्त्याच्या आधी-नंतर रिकामी जागा राहू देऊ नका, व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना ती हमखास येते. काही जण लिंकमध्येच विषय भरून ठेवतात. तो भरायचा तर इंग्रजीत एकच शब्द ठेवा. दोन शब्दांमधल्या जागेसाठी टक्क्याचं चिन्ह आणि २० असं लिहावं लागतं, आणि मराठी विषयाची तर टक्क्यांची लांबच लांब माळ होते. त्यात एक अक्षर सुटलं की विषय वाचता येत नाही.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हापासून बऱ्याच जणांना आपल्या पानावरचा पत्ता बदलायचाच आहे. नाहीतरी पान उघडणार आहात, तर ईमेलची लिंकही त्याच बैठकीत तपासा.

तपासताना फक्त स्वतःच्या संगणकावर क्लिक करू नका, तो तर तुम्ही आत्ताच दुरुस्त केलाय. शेजारच्या दुकानातल्या संगणकावर बघा, घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर बघा आणि एकदा इन्स्टाग्रामच्या बायोमधून पान उघडून बघा. तिन्ही ठिकाणी मेल उघडला नाही तरी चालेल, पण पत्ता वाचता आणि कॉपी करता आलाच पाहिजे. आणि त्या पत्त्यावर एक मेल खरंच पाठवा. जुना आयडी, ज्याचा पासवर्ड आता कोणालाच आठवत नाही, तोच पानावर राहिलेला मी दर बॅचला बघते.